कोबेच्या मोतीबाजारात एक दिवस

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला आणि मिठबावच्या एका किराणा व्यापाऱ्याने लांबणीवर टाकलेला प्रवास हाती घेतला. पुतण्या नोकरीनिमित्त जपानमध्ये ओसाकाला राहतो. त्याचा आग्रह तीन वर्षांचा होता. यंदा निमित्तही मिळाले, कारण मुलीचे लग्न माघात ठरले होते आणि तिच्यासाठी मोत्यांचा एक सर घ्यावा, तोही खात्रीच्या ठिकाणाहून, असे गृहिणीच्या मनात होते. पुतण्या म्हणाला, "काकू, मोती घ्यायचे तर कोबेलाच. शिवाय तिथे आपले मंदिरही आहे."

ओसाकाहून कोबेचे सान्नोमिया स्थानक जलद गाडीने अर्ध्या तासाच्या आत येते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला रोक्को पर्वताची रांग, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत शहर अशी रचना असल्यामुळे कोकणच्या माणसाला दिशा विचारावी लागत नाही. चढ लागला की डोंगर, उतार लागला की दर्या. हे बंदर परदेशी व्यापाराला 1868 मध्ये खुले झाले. भारतीय व्यापारी येथे पूर्वीपासून होतेच, पण 1923 च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तेथील अनेकांनी कोबेत बिऱ्हाड हलवले. त्यांच्या देणग्यांचा हात लागलेली 1935 ची मशीद आजही उभी आहे.

किटानोच्या चढावर परदेशी व्यापाऱ्यांची जुनी घरे आहेत. एका जर्मन व्यापाऱ्याने 1909 च्या सुमारास बांधलेले, शिखरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा असलेले लाल विटांचे घर पाहायला गर्दी असते. प्रत्येक घराला वेगळे तिकीट पडते. दोन घरे पाहिल्यावर तिसऱ्यात नवे काही उरत नाही, हे पुतण्याने आधीच सांगून ठेवले होते.

याच वस्तीत, लाकडी आणि विटांच्या घरांमध्ये, पांढऱ्या संगमरवराचे शिखर अचानक समोर येते. हे भगवान महावीरस्वामींचे मंदिर 1985 मध्ये उभे राहिले. घडीव पाषाण भारतातून आला. आम्नाय श्वेतांबर, आणि दर्शनाला आलेले कुटुंब घाटावरून कोकणात उतरलेले दिगंबर, पण मायदेशापासून इतक्या दूर हा भेद कोणाच्या ध्यानीही आला नाही. गृहिणीने बरोबर आणलेल्या तांदळाने स्वस्तिक रेखले. मिठबावजवळ असे मंदिर नाही. गजबादेवीच्या कड्यावरून दिसणारा समुद्र आणि देवघरातली लहानशी प्रतिमा, एवढ्यावरच तिची पंचवीस वर्षे गेली होती. ती बराच वेळ उठली नाही.

मंदिर येथे का, याचे उत्तर शेजारच्या गल्ल्यांत मिळते. मंदिर बांधणारा समाज प्रामुख्याने मोत्यांचा व्यापार करणारा. मिकिमोतो कोकिचीने 11 जुलै 1893 रोजी तोबा येथे पहिला संवर्धित अर्धगोल मोती मिळवला. (त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वीरचंद गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत बोलत होते.) पुढे पूर्ण गोल मोती निघू लागले आणि कोबे त्यांच्या निवडीचे व निर्यातीचे ठाणे बनले. रोक्कोकडून येणारा उत्तरेचा सौम्य उजेड मोत्याची छटा पारखायला उत्तम, असे येथील पारखी सांगतात.

या मोत्यांनी मुंबईचा एक जुना व्यापार मोडला, हेही सांगितले पाहिजे. इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती मुंबईत येत आणि येथून जगभर जात. दानवीर माणिकचंद हिराचंद जव्हेरी (1851-1914) याच व्यापारात मोठे झाले. आपल्या समाजाच्या किती मुलांनी त्यांच्या उदारतेवर शिक्षण घेतले, हे वाचकांना सांगणे नको. 1930 च्या आगेमागे जागतिक मंदी आणि जपानी मोती अशा दुहेरी माऱ्याने तो बाजार कोसळला.

पुतण्याच्या ओळखीचे एक व्यापारी मूळचे राजस्थानचे, पण मुंबईत वाढल्यामुळे मराठी सहज बोलणारे. त्यांच्या उत्तराभिमुख खोलीत पांढऱ्या कापडावर सर मांडलेले होते. मोत्याचे वजन येथे मोम्मेत होते, एक मोम्मे म्हणजे 3.75 ग्रॅम. हे जपानी माप आता जगभरच्या मोतीव्यवहारात चालते. किराणा व्यापारी लगेच मनात रुपयांचा हिशेब करू लागला. गृहिणी मात्र सराकडे पाहत होती. आठ मिलिमीटरचे पन्नासेक मोती, एकासारखे एक.

"वहिनी, असे जुळवायला हजारोंतून निवडावे लागतात," व्यापारी म्हणाले.

"एका शिंपल्यातून किती निघतात?"

"अकोया जातीचा शिंपला. एक, फार तर दोन."

व्यापाऱ्यांनी रीत सांगितली, काही न लपवता. दुसऱ्या एका शिंपल्याच्या अंगाचा बारीक तुकडा कापून घेतात. गोड्या पाण्यातल्या शिंपेचा घोटीव मणी आणि तो तुकडा जिवंत अकोयाच्या पोटात बसवतात. मग वर्ष-दोन वर्षे समुद्रात टांगून ठेवतात आणि थंडीत, चकाकी चांगली येते तेव्हा, उघडतात.

"मोती काढल्यावर परत पाण्यात सोडतात ना?"

खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. "नाही, वहिनी. अकोया एकदाच. त्याचे मांस इथे खातात."

मिठबावच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. ओहोटीला खडकांवर बसून लहान कोयतीने कालवे सोडवणाऱ्या बायका तिने रोज पाहिल्या होत्या. त्या तिच्याच दुकानातून मीठ-मसाला नेत. शेजाऱ्यांचे अन्न म्हणून त्याकडे पाहायला ती शिकली होती. द्वींद्रिय जीवांत शंख-शिंपले येतात हे तिने पाठशाळेत पाठ केले होते. तरीही मोती म्हणजे रत्न, अशीच तिची आजवरची समजूत होती. आपल्यापैकी बहुतेकांची तीच असते.

व्यापारी हळूच म्हणाले, "जिथे शिंपले उघडतात, तिथे मी कधी गेलो नाही. इथे माल येतो तो मोती होऊन."

हे वाक्य ऐकताना किराणा व्यापाऱ्याला स्वाध्यायातला एक भाग आठवला. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य सांगितले आहे. हस्तिदंत, केस, नखे, अस्थी, त्वचा अशी प्राण्यांची अंगे व्यापारासाठी त्यांच्या उत्पत्तिस्थानी जाऊन घेणे, अशी त्याची व्याख्या. उत्पत्तिस्थानी हा शब्द का घातला असेल, यावर त्या वेळी बराच खल झाला होता. खरेदीदार दारात उभा राहिला की मारणाऱ्याचा हात चालतो, असा अर्थ तेव्हा निघाला होता. कोबे हे उत्पत्तिस्थान की बाजारपेठ? तो काही बोलला नाही. ज्यांच्या पैशातून सकाळचे ते मंदिर उभे राहिले, त्यांच्याच घरी चहा पिऊन हा प्रश्न विचारणे त्याला प्रशस्त वाटले नाही. आणि व्यापाऱ्यांनीही सर पुढे सरकवला नाही. कापडाची घडी घालून त्यांनी स्वतःच विषय बदलला.

पुढची खरेदी मोतोमाची या लांबलचक छपराच्या बाजारपेठेत झाली. तेथे घ्यायचे काय, हाही प्रश्नच. गोमांसासाठी हे शहर जगप्रसिद्ध, त्यामुळे पाट्यांवर बैलांची चित्रे जागोजागी. शाकाहारी दिसणाऱ्या नूडल्सच्या रश्शातही सुक्या माशाचा अर्क असतो. चिनी वस्ती त्यांनी वासावरूनच टाळली. रेशमी वस्त्रांचे दुकान सुंदर होते, पण तेथेही कोशातल्या किड्याची गोष्ट आलीच. शेवटी वस्तू बांधून न्यायचे छापील सुती रुमाल घेतले आणि उजी गावच्या हिरव्या चहाचे दोन डबे. दुकानदाराने सुटे पैसे लहान तबकात ठेवून दोन्ही हातांनी पुढे केले. हे किराणा व्यापाऱ्याला फार आवडले. आपल्या गल्ल्यावरही असे तबक ठेवायचे त्याने ठरवले.

नोव्हेंबर सरताना येथे पाचच्या आतच सूर्य मावळतो. म्हणून साडेचारला मेरिकेन उद्यानातल्या बाकावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. समोर 17 जानेवारी 1995 च्या भूकंपात खचलेल्या धक्क्याचा तुकडा तसाच राखून ठेवला आहे. दिव्याचे खांब वाकलेले, फरशा पाण्यात कललेल्या. पहाटे 5 वाजून 46 मिनिटांनी झालेल्या त्या भूकंपात सहा हजार चारशेंहून अधिक माणसे गेली. बाजूलाच जहाजांची ये-जा चालू होती.

पाणी पिऊन झाल्यावर गृहिणीने मिठबावला फोन लावला. तेथे दुपारचा सव्वा वाजला होता, मुलगी दुकान बंद करून घरात आली होती.

"आई, घेतलास का सर?"

"नाही गं. आजीची नथ आहे ना डब्यात, ती काढून सोनाराकडे दे. तार झिजली आहे, तेवढी बदलून घे."

"बसऱ्याचे मोती आहेत म्हणतात ते?"

"हो, तेच."

तेही शिंपल्यातूनच आले होते. बाकावर बसलेल्या दोघांनाही ते ठाऊक होते. व्यापाऱ्याने रुमालाच्या गाठोड्याची गाठ पुन्हा घट्ट केली आणि पुतण्याने गाडीची वेळ सांगितली.