वाघ गावाजवळ आला, तर गावाच्या बाजूने कोण बोलतं?

मे २०२३ मध्ये चंद्रपूरच्या ब्रह्मपुरी भागातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. वाघ वाढले, तर भोवतालच्या गावांशी संघर्षही वाढू शकतो.

हल्ल्यात माणूस दगावला, तर राज्य सरकार कुटुंबाला २५ लाख रुपये देतं. पण पैशाने गावाचा राग शमत नाही. संतापलेली गर्दी जमली, की वाघाला पकडणंही अवघड होतं.

म्हणूनच वाघ वस्तीजवळ आल्यावर एक समिती नेमावी, असं राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची नियमावली सांगते. वनाधिकारी आणि पशुवैद्यासोबत तिच्यात स्थानिक स्वयंसेवी संस्था आणि पंचायतीचा प्रतिनिधीही असतो. गावाचं म्हणणं वनविभागापर्यंत आणि वनविभागाचा निर्णय गावापर्यंत हेच पोहोचवू शकतात.

मात्र गावाचा विश्वास आधीच कमावलेला असेल, तरच लोक त्यांचं ऐकतात.