विलक्षण संगीतमय चित्रपट आणि मराठी प्रेक्षक : ‘घाशीराम कोतवाल’ व ‘जैत रे जैत’ यांच्या संदर्भात

मराठी प्रेक्षक वास्तवाला धरून असतो, स्वप्नवत किंवा विक्षिप्त मांडणी त्याच्या पचनी पडत नाही, असे विधान चित्रपटविषयक चर्चांमधून वारंवार केले जाते. मराठी चित्रपटाचा इतिहास या विधानाला फारसा दुजोरा देत नाही. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटात नदीत बुडालेल्या वह्या परत मिळतात आणि अखेरीस तुकारामांना वैकुंठाला नेण्यासाठी आकाशातून विमान उतरते. हा चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातही गौरवला गेला. अशक्य गोष्ट पडद्यावर पाहण्यास प्रेक्षकांची हरकत नव्हती. अट एवढीच होती की ती श्रद्धेच्या ओळखीच्या चौकटीत घडावी. ही चौकट काढून घेतली, गाणे व नृत्य तसेच ठेवले आणि त्यांना भक्तीऐवजी सत्तेविषयी किंवा देवाशी मांडलेल्या भांडणाविषयी बोलायला लावले, तर प्रेक्षक काय करतो, हा खरा प्रश्न आहे. १९७६-७७ या काळातील दोन चित्रपटांच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे. भोर व वेल्हे या तालुक्यांतील प्रेक्षकपरंपरा या विचाराला उपयोगी पडते, ती का, हे ओघाने स्पष्ट होईल.

नाटकाचा प्रेक्षक आणि भिंत

चित्रपटापूर्वी नाटक पाहणे आवश्यक आहे. विजय तेंडुलकर यांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात केला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे व नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची होती. पुण्यात आलेला, अपमानित होऊन सूडाने पेटलेला घाशीराम आपली मुलगी नाना फडणविसांच्या स्वाधीन करतो, त्या मोबदल्यात कोतवाली मिळवितो, शहरावर जुलूम करतो आणि शेवटी त्याच नानांच्या संमतीने जमावाच्या हाती मारला जातो, असे त्याचे कथानक आहे. इतिहासातील घाशीराम सावळदास याचा १७९१ मध्ये पुण्यात झालेला अंत या कथेच्या मुळाशी असला, तरी आपले नाटक ऐतिहासिक नाही अशी तेंडुलकरांची भूमिका होती.

या नाटकाचे बळ त्याच्या माणसांच्या भिंतीत आहे. ओळीने उभे राहिलेले ब्राह्मण डोलत गातात, गणपतीला वंदन करतात, कीर्तनाच्या चालीत येतात, लावणीच्या ठेक्यावर वळतात. ही ओळ कधी पडदा होते, कधी वाडा, कधी रस्ता. जे दिसू नये ते घडते तेव्हा ती प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहते. येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. नाट्यगृहात बसलेला पुणेकर या भिंतीच्या समोर असतो. भिंत जे झाकते ते त्याला कळलेले असते, तरीही तिचे गाणे ऐकून तो ताल धरतो. आपण ताल धरला होता हे नंतर त्याच्या ध्यानात येते. या प्रयोगावर जो क्षोभ उसळला, त्याची उघड कारणे नानांचे चित्रण आणि ब्राह्मण समाजाची बदनामी ही सांगितली गेली. पण या सहभागाची बोचही त्यामागे असावी. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबविले. कलावंत बाहेर पडले, १९७३ मध्ये थिएटर अकादमी स्थापन झाली आणि १९७४ पासून नाटक पुन्हा सुरू झाले. १९८० च्या युरोप दौऱ्यालाही विरोध झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि तरीही दौरा पार पडला.

पडद्यावरील घाशीराम

१९७६ चा ‘घाशीराम कोतवाल’ हा चित्रपट कोणा निर्मात्याने काढलेला नव्हता. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी स्थापन केलेल्या ‘युक्त’ या सहकारी संस्थेचा तो पहिला प्रयत्न होता. दिग्दर्शक म्हणून मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप अशी चार नावे त्यावर आहेत, आणि सामूहिक निर्मितीचा हा आग्रह त्या काळाला साजेसाच होता. पटकथा तेंडुलकरांचीच. नानांच्या भूमिकेत रंगभूमीवरचेच मोहन आगाशे होते, तर घाशीरामाच्या भूमिकेत ओम पुरी प्रथमच पडद्यावर आले. देशात आणीबाणी चालू असताना हा चित्रपट तयार झाला, त्यामुळे सत्ताधीशाने निर्माण केलेला आणि गरज संपताच फेकून दिलेला कोतवाल पाहताना तत्कालीन प्रेक्षकाला दिल्ली आठवणे स्वाभाविक होते.

नाटकाने ओढवून घेतलेला संताप मात्र या चित्रपटाच्या वाट्याला आला नाही. तो प्रामुख्याने महोत्सव आणि फिल्म सोसायट्यांच्या वर्तुळात पाहिला गेला. ‘अवघड’ हे एकच विशेषण वापरून हे प्रकरण मिटविले जाते, परंतु ते पुरेसे नाही. कथानक तेच, लेखक तोच, प्रमुख नट तोच. बदलली ती भिंत. कॅमेरा भिंतीच्या पलीकडे जाऊ शकतो, तिच्या बाजूने फिरू शकतो, तिच्यातील एकेक चेहरा वेगळा काढू शकतो. चित्रपटातील दीर्घ, अखंड चित्रणांतून नेमके हेच घडते. शेवटचे सुमारे दहा मिनिटांचे दृश्य तर हंगेरियन दिग्दर्शक मिक्लोश यान्चो यांच्या शैलीची आठवण करून देते. त्यामुळे प्रेक्षकाला काहीही झाकलेले उरत नाही आणि म्हणून झाकण्यात सहभागी झाल्याची बोचही उरत नाही. तो साक्षीदार न राहता निरीक्षक होतो. विचारदृष्ट्या हा लाभ असेल, पण नाटकाने जो प्रेक्षक घडविला होता तो या व्यवहारात हरवला. ‘नाटक अंगावर आले, चित्रपट दूर राहिला’ अशी प्रतिक्रिया ऐकली तर ती अडाणीपणाची समजण्याचे कारण नाही. ती माध्यमाचे अचूक वर्णन करते.

‘जैत रे जैत’ आणि मोहोळाचा कडा

पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, जब्बार पटेल यांनी ‘जैत रे जैत’ दिग्दर्शित केला. निर्माती उषा मंगेशकर, कादंबरी गो. नी. दांडेकरांची, गीते ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. आधीचे नाना, मोहन आगाशे, येथे ठाकर जमातीतील भगताचा मुलगा नाग्या होतात, आणि चिंधीच्या भूमिकेत स्मिता पाटील आहेत. राणीमाशीने दुखावलेला नाग्या लिंगोबाच्या डोंगरावरील मोहोळ उतरविण्याची प्रतिज्ञा करतो. ती पुरी होते, पण चिंधीचा बळी देऊन. कथा संवादांपेक्षा गाण्यांतून पुढे सरकते. या चित्रपटाला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. परंतु त्याचे लोकमानसातील आयुष्य मुख्यतः ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी आणि पुढे कॅसेट यांनी घडविले. आजही या चित्रपटातील गाणी पाठ असणारे कितीतरी लोक असे आहेत की त्यांनी चित्रपट पाहिलेला नाही. गाणी चित्रपटातून सुटून निघाली आणि प्रेक्षकाचा श्रोता झाला. ‘घाशीराम’च्या गाण्यांना ही सोय नव्हती, कारण भिंतीतून वेगळी काढली की ती अर्थहीन होतात.

या चित्रपटातील कड्याचे वर्णन समीक्षा ‘प्रतीक’ या शब्दाने करते. येथेच भोर-वेल्ह्याचा संदर्भ महत्त्वाचा ठरतो. वेल्हे तालुक्यातील (आता राजगड तालुका) राजगडावर सुवेळा माचीच्या नेढ्याच्या बाजूस आग्या मोहोळे लागतात आणि माशा उठल्यावर काय होते हे गडाच्या घेऱ्यातील माणसाला सांगावे लागत नाही. त्याच्यासमोर हा चित्रपट लावल्यास कडा हे प्रतीक ठरण्यापूर्वी कडाच असतो. नाग्या दोर कसा बांधणार, धूर कसा करणार, वारा कोणीकडून आहे, हे त्याचे प्रश्न असतील. शहरी प्रेक्षकाला जे अद्भुत वाटते ते याला जोखमीचे काम वाटते. दोघेही चित्रपट समजूनच घेत असतात, फक्त वेगवेगळ्या टोकांकडून.

‘घाशीराम’बाबत याच्या उलट बाजूने विचार करता येतो. भोरच्या राजवाड्यातील रामनवमीच्या उत्सवासारख्या प्रसंगांतून या भागाला कीर्तनाचा परिचय आहे. गोंधळ आणि भजनी मंडळे गावोगावी आहेत, जत्रेतील तमाशाचा गण-गवळण-वग हा क्रम मागील पिढीला तोंडपाठ आहे. मध्येच कथा थांबवून गाणे, सूत्रधाराने पात्रांची थट्टा करणे, एकाच माणसाने चार भूमिका वठविणे, यांपैकी काहीही या प्रेक्षकाला विक्षिप्त वाटणार नाही. पुण्याच्या सुशिक्षित वर्गाला ज्या रूपाची नव्याने ओळख करून द्यावी लागली, ते येथे जुनेच होते. अडेल तो कॅमेऱ्याच्या संथपणापाशी, कारण तमाशाचा प्रेक्षक शिट्टी मारून, दाद देऊन प्रयोगाचा वेग ठरवितो आणि पडदा त्याचे ऐकत नाही.

म्हणून महाविद्यालयीन चित्रपट मंडळाने असा चित्रपट दाखविल्यानंतर ‘आवडला का?’ आणि ‘कळला का?’ एवढेच विचारले, तर हाती फारसे काही लागत नाही. कोठे हसू आले, कोठे ताल धरावासा वाटला, कोठे चुळबूळ सुरू झाली, हे विचारल्यास प्रेक्षकाची परंपरा आणि चित्रपटाची मांडणी यांतील सांधा नेमका कोठे निखळला ते दिसते. विद्यार्थ्यांकडून अशी नोंद करवून घेण्यास वही व पेन्सिल पुरते.

प्रेक्षकवर्ग न लाभलेल्या चित्रपटाच्या प्रतीचीही आबाळ होते. ‘घाशीराम कोतवाल’ आज पाहता येतो तो बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेने आपल्या संग्रहातील प्रतीवरून २०१० नंतरच्या दशकात केलेल्या पुनर्निर्मितीमुळे. भरत नाट्य मंदिरापासून काही मैलांवर ज्याची कल्पना आकाराला आली, तो मराठी चित्रपट त्यानंतरच नव्या पिढीच्या पाहण्यात येऊ लागला.