प्रश्न विचारण्यापूर्वी

संशोधन म्हणजे प्रश्नावली वाटणे व टक्केवारी काढणे, अशी माझीही समजूत होती. मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात ‘रुग्णालयातील परिचारिकांच्या कामातील मनोसामाजिक धोके’ हा उपयोजित प्रकल्प वाट्याला आला आणि ती समजूत गळून पडली.

शब्द जड आहे, अर्थ सोपा. कामाची आखणी, लागोपाठच्या रात्रपाळ्या, वरिष्ठांची वागणूक, नातेवाइकांची शिवीगाळ यांमुळे मनाला व शरीराला इजा होण्याचा जो संभव, तोच हा धोका. सुई टोचली तर तिची नोंद करता येते. ही इजा सहसा कोणत्याच वहीत चढत नाही.

सरांनी महिनाभर आम्हाला रुग्णालयाची पायरी चढू दिली नाही. पहिला धडा रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली मांडलेल्या सिद्धांताचा. कामाचा भार मोठा आणि निर्णयाची मुभा थोडी, तेथे ताण सर्वांत अधिक, असे तो सांगतो. म्हणजे ‘बाई नाजूक मनाची’ असे म्हणण्याआधी तिच्या कामाची रचना तपासायची.

दुसरा धडा भाषेचा. आमच्या सीमाभागात प्रश्नावली मराठीत हवी, तशी कन्नडमध्येही. इंग्रजी प्रश्नाचे एकाने भाषांतर करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यायचे. अर्थ जुळला नाही तर भाषांतर सुधारायचे. एवढे करूनही ‘कामाचा ताण येतो का?’ यावर ‘सवय झाली’ एवढेच उत्तर येई. ‘गेल्या आठवड्यात किती पाळ्यांत जेवायला सवड मिळाली नाही?’ असे विचारताच त्या बोटांवर मोजू लागल्या.

तिसरा धडा मी चुकून शिकले. अहवालाच्या मसुद्यात लिहिले होते, ‘एका लहान विभागातील सर्वांत जुन्या परिचारिकेने वरिष्ठांविषयी तक्रार केली.’ नाव नव्हते. पण तेवढ्यावरून कोणीही तिला ओळखले असते! सरांनी तांबडी रेघ मारली. “तुला गुण मिळतील, तिची बदली होईल,” एवढेच ते म्हणाले. तेव्हापासून थोडी माणसे असलेल्या विभागांची उत्तरे मी एकत्र करूनच मांडते.

निष्कर्ष प्रथम परिचारिकांनाच वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “आम्हाला योगासने नंतर शिकवा, आधी पाळ्यांचा तक्ता आठ दिवस अगोदर लावायला सांगा.” आमच्या अहवालातील पहिली शिफारस तीच आहे.