होम थिएटरच्या स्पीकरवरील प्रमाणनचिन्हे : अर्थ आणि मर्यादा

१. प्रास्ताविक

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर आहे. मागांच्या खडखडाटात वाढलेल्या येथील कुटुंबांत गेल्या दोन दशकांत होम थिएटर संच आले. महाविद्यालयांच्या दृक्‌श्राव्य कक्षांसाठीही अशा संचांची खरेदी होते. संचाच्या खोक्यावर अनेक सोनेरी, चंदेरी चिन्हे छापलेली असतात आणि त्यांच्या आधारे विक्रेता अधिक किंमत सांगतो. ही चिन्हे ध्वनीच्या गुणवत्तेविषयी नेमके काय सांगतात, हा प्रश्न ग्राहकाला सहसा पडत नाही. पडला, तरी त्याचे उत्तर दुकानात मिळत नाही. प्रस्तुत लेखात या चिन्हांचे वर्गीकरण करून, स्पीकरची निवड करताना त्यांना किती महत्त्व द्यावे याचा ऊहापोह केला आहे.

२. चिन्हांचे चार प्रकार

पहिला प्रकार सुरक्षिततेचा. केंद्र शासनाने २०१२ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला. त्यानुसार अधिसूचित उपकरणांवर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह असणे बंधनकारक झाले. २०२० मध्ये ब्लूटूथ स्पीकरांचाही या यादीत समावेश झाला. विजेचा धक्का, अतिउष्णता आणि आग यांपासून संरक्षण हा या नोंदणीचा हेतू आहे. अधिसूचित उपकरणावर हे चिन्ह नसेल, तर ते घेऊ नये. मात्र चिन्ह आहे म्हणून आवाज चांगला असेल, असा अर्थ त्यातून निघत नाही.

दुसरा प्रकार ध्वनिसंकेताच्या स्वरूपाचा. डॉल्बी डिजिटल, डी.टी.एस. ही चिन्हे ध्वनी कोणत्या पद्धतीने संकेतबद्ध केला आहे, हे दर्शवितात. हा संकेत उलगडण्याचे काम रिसीव्हर किंवा ॲम्प्लिफायर करतो. साध्या, तारेने जोडलेल्या स्पीकरपर्यंत केवळ विद्युत्‌प्रवाहाची चढउतार पोहोचते. तो प्रवाह मूळ कोणत्या संकेतातून आला, याच्याशी स्पीकरचा संबंध नसतो. छताकडे ध्वनी फेकणारे ‘डॉल्बी ॲटमॉस एनेबल्ड’ स्पीकर हा याला अपवाद होय. त्यांच्या रचनेसाठी डॉल्बीने स्वतंत्र निकष ठरविले आहेत.

तिसरा प्रकार वारंवारतेच्या व्याप्तीचा. जपान ऑडिओ सोसायटीने २०१४ मध्ये स्वीकारलेल्या ‘हाय-रेस ऑडिओ’ चिन्हासाठी स्पीकरने ४०,००० हर्ट्झपर्यंत ध्वनी देणे अपेक्षित आहे. निरोगी तरुण कानाची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ असते व वयानुसार ती घटत जाते. शिवाय चित्रपटांचे ध्वनिपट बहुधा ४८,००० हर्ट्झ नमुनादराचे असल्याने त्यांत २४,००० हर्ट्झच्या वरचा ध्वनी असूच शकत नाही.

चौथा प्रकार प्रत्यक्ष कामगिरीचा. त्यात टी.एच.एक्स. हे नाव सर्वांत परिचित आहे.

३. टी.एच.एक्स. प्रमाणन

जॉर्ज लुकास यांच्या लुकासफिल्म कंपनीत टॉमलिन्सन होलमन यांनी १९८३ मध्ये ही पद्धती विकसित केली. ध्वनिमिश्रण करताना दिग्दर्शकाने जे ऐकले, तेच चित्रपटगृहातील प्रेक्षकाला ऐकू यावे, हा तिचा मूळ हेतू होता. पुढे घरगुती उपकरणांसाठीही तिचे निकष तयार झाले. स्पीकरचा वारंवारता-प्रतिसाद, ध्वनीचे विखुरणे, विरूपण आणि उच्च पातळीवरील क्षमता यांची त्यात तपासणी होते. त्यामुळे उपरोक्त चिन्हांपैकी ध्वनीच्या एकंदर गुणवत्तेशी थेट संबंध असलेले चिन्ह हेच होय.

तथापि त्याच्या दोन मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. हे प्रमाणन ऐच्छिक असून त्यासाठी उत्पादकाला शुल्क भरावे लागते. अनेक उत्तम उत्पादक ते घेत नाहीत. म्हणून चिन्हाचा अभाव हा दर्जाच्या अभावाचा पुरावा ठरत नाही. दुसरे असे की, त्यातील श्रेणी खोलीच्या आकारमानाशी निगडित आहेत. ‘सिलेक्ट’ श्रेणी सुमारे २,००० घनफुटांच्या, तर ‘अल्ट्रा’ सुमारे ३,००० घनफुटांच्या खोलीसाठी आहे. तेवढ्या खोलीत मुख्य स्पीकरने १०५ डेसिबेलपर्यंतची शिखरपातळी विरूपणाविना गाठावी, अशी अपेक्षा असते.

४. दिवाणखान्याचे गणित

उदाहरणादाखल १४ फूट लांब, १० फूट रुंद व साडेनऊ फूट उंच दिवाणखाना घेऊ. त्याचे आकारमान १,३३० घनफूट, म्हणजे ‘सिलेक्ट’ श्रेणीच्या मर्यादेहूनही पुष्कळ कमी भरते.

स्पीकरची संवेदनशीलता १ वॅटला १ मीटरवर ८७ डेसिबेल असेल, तर ३ मीटरवर ती सुमारे ७७.५ डेसिबेल होते. भिंतींवरून परावर्तित होणारा ध्वनी यात धरलेला नाही. तेथे १०५ डेसिबेल गाठण्यास सुमारे ५६० वॅट लागतील. घरात मात्र आपण त्याहून साधारण २० डेसिबेल कमी पातळीवर ऐकतो आणि त्यासाठी ६ वॅटही पुरतात. यावरून हजारो वॅट ‘पी.एम.पी.ओ.’च्या जाहिरातींचे मोलही कळून येते. या परिमाणाला कोणत्याही मानकाचा आधार नाही. ॲम्प्लिफायरच्या शक्तीविषयीच्या अशाच फसव्या दाव्यांना आळा घालण्यासाठी अमेरिकेत १९७४ मध्येच नियम करण्यात आला होता.

याच खोलीत लांबी, रुंदी व उंची यांच्यामुळे निर्माण होणारी मूलभूत अनुस्पंदने अनुक्रमे सुमारे ४०, ५६ व ५९ हर्ट्झवर येतात. शेवटची दोन जवळजवळ असल्याने तेथे खर्ज घुमतो. प्रमाणित स्पीकर आणला तरी हा दोष जात नाही. स्पीकरची व आसनाची जागा बदलल्यास, तसेच रिसीव्हरमधील सुधारणा-सुविधा वापरल्यास तो कमी होतो. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांची कपाटे यांचा उपयोग मुख्यत्वे वरच्या वारंवारतांचा निनाद शमविण्यास होतो.

५. डोळ्यांनी ऐकणे

फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच स्पीकर श्रोत्यांना एकदा पडद्याआडून व एकदा प्रत्यक्ष दाखवून ऐकविण्यात आले. स्पीकर दिसू लागताच मोठ्या व महागड्या स्पीकरांचे गुण वाढले आणि लहान, स्वस्त दिसणाऱ्या संचाचे गुण घटले. खोक्यावरील चिन्ह आपल्या निर्णयावर याच मार्गाने परिणाम करीत असावे. पडद्याआडच्या चाचण्यांत मात्र श्रोत्यांची पसंती बरीच एकसारखी आढळते. समोरून सपाट आणि बाजूंनी सुरळीत प्रतिसाद देणारा स्पीकर बहुतेकांना आवडतो. या संशोधनाच्या आधारे २०१३ मध्ये आलेल्या सी.टी.ए.-२०३४ या मानकात स्पीकरचे ७० दिशांनी मापन केले जाते. अशा मापनाचा आलेख उपलब्ध असल्यास तो कोणत्याही चिन्हापेक्षा अधिक बोलका असतो.

६. स्थानिक संदर्भ

शटल मागांच्या शेडमधील ध्वनिपातळी सामान्यतः ९० डेसिबेलच्या वर आढळते. अशा गोंगाटात वर्षानुवर्षे काम केल्यास प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपासची श्रवणशक्ती क्षीण होते आणि व्यंजने अस्पष्ट ऐकू येऊ लागतात. ज्या घरातील कर्त्या माणसाचे तारुण्य मागावर गेले, तेथे ४०,००० हर्ट्झच्या चिन्हासाठी जादा पैसे मोजणे व्यर्थ होय. संवाद मुख्यत्वे मधल्या स्पीकरमधून येतात. त्यामुळे तेथे तो स्पीकर चांगला असणे व कानाच्या पातळीवर बसविणे अधिक हिताचे ठरते. केवळ आवाज वाढविल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, उलट उरलेल्या श्रवणशक्तीवर ताण येतो. शेजाऱ्यांचाही विचार आवश्यक आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबेल आहे आणि खर्जाचे ध्वनी सामाईक भिंतीतून सहज पलीकडे जातात.

७. निष्कर्ष

(१) सुरक्षिततेचे नोंदणीचिन्ह जेथे लागू आहे, तेथे ते अनिवार्य मानावे. (२) संकेतस्वरूपाची चिन्हे रिसीव्हर घेताना पाहावीत. साध्या स्पीकरच्या बाबतीत त्यांना महत्त्व देऊ नये. (३) टी.एच.एक्स. चिन्ह हे किमान कामगिरीचे विश्वसनीय आश्वासन आहे. परंतु लहान खोलीसाठी ते आवश्यक नाही. (४) संवेदनशीलता, मापनाचे आलेख आणि परिचित ध्वनिपट समान पातळीवर प्रत्यक्ष ऐकणे, हे निवडीचे अधिक भक्कम आधार होत. महाविद्यालयाच्या खरेदी समितीनेही निविदेत चिन्हाचे नाव घालण्याऐवजी कक्षाचे आकारमान, अपेक्षित ध्वनिपातळी आणि वाणीची सुबोधता या अटी नमूद करणे योग्य ठरेल. चिन्ह हे उत्पादकाने निवडलेल्या प्रश्नाचे उत्तर असते. आपला प्रश्न तोच आहे काय, हे ग्राहकाने पैसे देण्यापूर्वी तपासावे.