बाई गेल्या, प्रश्न राहिला

एखाद्या पुरुषाने कंपनीत धडाधड निर्णय घेतले, चार जणांना दुखावलं, तर आपण कौतुकाने म्हणतो, 'माणूस धडाडीचा आहे हो!' तेच एखाद्या बाईने केलं की तिच्या नावाआधी 'वादग्रस्त' हा शब्द येऊन बसतो. मग ती कुठेही जावो, शब्द काही तिची पाठ सोडत नाही. हेलियाने कानेपा यांच्या बाबतीत असंच झालं. २००७ मध्ये त्या 'नोबेल बायोकेअर' या कंपनीच्या प्रमुखपदावरून बाजूला झाल्या. कंपनीचा धंदा काय, तर दात! म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचे स्क्रू आणि त्यावरचे दात, ज्याला आपण सगळे आता 'इम्प्लांट' म्हणतो.

तुम्ही म्हणाल, स्वित्झर्लंडमधल्या बाईने खुर्ची सोडली, त्याचं आपल्याला काय? पण मैत्रिणींनो, आज तालुक्याच्या गावीसुद्धा दवाखान्याच्या पाटीवर 'इम्प्लांट' हा शब्द दिसतो. एका दातामागे हजारोंचा खर्च असतो आणि ती वस्तू एकदा बसली की आपल्या हाडात राहते. म्हणून ही गोष्ट आपलीही आहे.

आधी या इम्प्लांटची कुळकथा थोडक्यात सांगते. १९५२ ची गोष्ट. स्वीडनमधले डॉक्टर पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियम धातूची एक छोटी डबी हाडात बसवली होती. अभ्यास संपल्यावर डबी काढायला गेले, तर ती निघेचना! हाड धातूला घट्ट चिकटून बसलं होतं. दुसरा कुणी असता तर 'डबी वाया गेली' म्हणून हळहळला असता. ब्रोनेमार्कना मात्र वाटलं, हाड या धातूला आपलं मानत असेल, तर याचा माणसाला उपयोग का होऊ नये? १९६५ मध्ये ज्यॉस्टा लार्सन या गृहस्थांच्या खालच्या जबड्यात त्यांनी असे इम्प्लांट बसवले. लार्सन यांच्या टाळूत आणि जबड्यात जन्मापासून दोष होता, त्यांना धड खाता येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. २००६ मध्ये ते वारले तोवर, म्हणजे चाळीस वर्षं, त्यांनी त्या दातांनी जेवण केलं.

पण दंतवैद्यकातल्या मोठ्या मंडळींनी ब्रोनेमार्कना लगेच मान्यता दिली असं नाही. वर्षानुवर्षं त्यांच्याकडे संशयानेच पाहिलं गेलं. एकेका रुग्णाची नोंद ठेवत, वाट पाहत त्यांनी पुरावा जमवला. १९८२ मध्ये कॅनडातल्या टोरांटोच्या परिषदेनंतर जगाने त्यांचं म्हणणं स्वीकारलं. 'थांबा, हाडाला वेळ द्या' हाच त्या पद्धतीचा गाभा होता. स्क्रू बसवायचा, काही महिने हिरडीखाली तसाच राहू द्यायचा आणि मग वर दात चढवायचा.

हे स्क्रू बाजारात आणायला पैसा लागणार होता. तो कुणी दिला, ठाऊक आहे? बोफोर्सने! हो, तीच तोफांची बोफोर्स. १९८६ चा तोफांचा सौदा आणि १९८७ पासूनचा गदारोळ आपल्या पिढीने घरोघरी ऐकलाय. त्या बोफोर्सने १९८१ मध्ये 'नोबेलफार्मा' नावाची कंपनी काढली. नाव आलं आल्फ्रेड नोबेल यांच्यावरून, कारण कधीकाळी बोफोर्स त्यांच्या मालकीची होती. हीच कंपनी पुढे 'नोबेल बायोकेअर' झाली. तोफा आणि दात एकाच घरचे, आहे की नाही गंमत!

आता कानेपाबाईंकडे येऊ. त्या मूळच्या ऑस्ट्रियातल्या फोरार्लबर्ग भागातल्या. नाव कमावलं ते स्वित्झर्लंडमध्ये, 'श्नायडर' या कंपनीत. हृदयाची बंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने उघडायची, ती अँजिओप्लास्टी आज आपल्याकडे आजोबांपासून शेजाऱ्यांपर्यंत कुणाची ना कुणाची झालेली असते. डॉ. ग्रुंटझिग यांनी ती पहिल्यांदा १९७७ मध्ये झुरिकला केली आणि त्यांचे फुगे बनवणारी कंपनी होती श्नायडर. कानेपाबाई तिथे वर चढत चढत प्रमुख झाल्या. १९९८ मध्ये ही कंपनी सुमारे दोनशे दहा कोटी डॉलरना अमेरिकन कंपनीला विकली गेली. २००१ मध्ये त्यांनी नोबेल बायोकेअरची सूत्रं हाती घेतली आणि २००२ मध्ये कंपनीचं बिऱ्हाड स्वीडनहून स्वित्झर्लंडला हललं.

वैद्यकीय साधनांच्या त्या पुरुषी जगात एक बाई सर्वांत वरच्या खुर्चीवर होती. त्यांच्या काळात कंपनी झपाट्याने वाढली. त्यांचा विचार सरळ होता. इम्प्लांट ही मूठभर तज्ज्ञांची मक्तेदारी का असावी? नेहमीच्या दातांच्या डॉक्टरांनाही ते बसवता यावेत, रुग्णाला महिनोन्‌महिने ताटकळावं लागू नये. 'तासाभरात दात' हे कंपनीचं आकर्षण होतं. खरं सांगायचं तर तो विचार मला आवडतो. जे उपचार शहरातल्या चार बड्या दवाखान्यांत अडकलेले असतात ते गावापर्यंत यावेत, असं कुणाला वाटणार नाही?

याच विचारातून २००४ च्या सुमारास 'नोबेलडायरेक्ट' नावाचा इम्प्लांट बाजारात आला. नेहमी स्क्रू वेगळा आणि त्यावर दात धरणारा खुंट वेगळा असतो. इथे दोन्ही एकाच तुकड्यात. हिरडी फारशी न कापता बसवायचा आणि लगेच वर दात. सोपं, झटपट.

पण लवकरच प्रश्न उभा राहिला, आणि तो परक्या माणसांनी नाही, घरच्यांनीच उभा केला. गोथेनबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक टोमास आल्ब्रेक्टसन आणि लार्स सेनरबी यांनी सांगितलं की या इम्प्लांटभोवतीचं हाड काही रुग्णांत फार झिजतंय. आल्ब्रेक्टसन हे ब्रोनेमार्क यांच्याच तालमीत तयार झालेले. पहिल्या वर्षानंतर इम्प्लांटभोवतीचं हाड वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी झिजलं तरच त्याला यश म्हणावं, हा मापदंड १९८६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच घालून दिला होता. तीच पट्टी त्यांनी नव्या मालाला लावली. १८ ठिकाणी बसवलेल्या ५५० नोबेलडायरेक्टचा अभ्यास त्यांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केला. कंपनीला त्यांचं म्हणणं मान्य नव्हतं. औषधांवर आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणाऱ्या स्वीडनच्या सरकारी संस्थेने प्रकरणात लक्ष घातलं. वर्तमानपत्रांतून लिहून आलं. आणि सगळ्या वादाला चेहरा मिळाला तो एकच, कानेपाबाईंचा.

२००७ मध्ये त्या पदावरून गेल्या आणि डोमेनिको स्काला हे नवे प्रमुख झाले. पुढे २००८ ची मंदी आली. लोक खर्चाला कचरायला लागले, आणि दाताचा खर्च तर 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून पहिला मागे पडतो, हे आपल्याला काय कुणी सांगायला हवं? कंपनीला ती वर्षं जड गेली. स्काला २०११ मध्ये गेले. २०१४ मध्ये 'डॅनाहर' या अमेरिकन कंपनीने सुमारे दोनशे वीस कोटी डॉलर मोजून नोबेल बायोकेअर विकत घेतली. कानेपाबाई मात्र घरी बसल्या नाहीत. त्यांचे पती अन्सिलो २००६ मध्ये एफसी झुरिक या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष झाले होते. बाईंनीही त्या क्लबच्या कारभारात स्वतःला झोकून दिलं.

आता मला जे म्हणायचंय ते सांगते. अशा वेळी आपण बायका दोन टोकं गाठतो. एक टोक म्हणजे 'बघा, बाईच्या हातात कारभार दिला की असंच होतं.' हा शुद्ध अन्याय. नवीन माल बाजारात येतो तेव्हा तो बनवणारे इंजिनिअर असतात, तपासणारे डॉक्टर असतात, संचालक मंडळ असतं, परवानगी देणारी यंत्रणा असते. सगळ्यांचं माप एकट्या बाईच्या पदरात का घालायचं?

दुसरं टोक आपल्या महिला मंडळांत जास्त दिसतं. 'ती बाई आहे ना, म्हणून सगळे तिच्यावर तुटून पडले.' ऐकायला बरं वाटतं, पण हेही तितकंच चुकीचं. कारण मग ज्या रुग्णाचं हाड झिजलं, तिचं काय? तीही एखादी बाईच असेल की! वर बसलेल्या बाईचा मान राखताना खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या बाईला विसरायचं का? बाईला समान हक्क हवे असतील तर तिला प्रश्नही समानच विचारायला हवेत. तिला सूट देणं म्हणजे तिला कमी लेखणंच झालं.

बचत गटाच्या कामात मी हे नेहमी पाहते. अध्यक्ष बदलली की सगळ्या म्हणतात, 'चला, संपला एकदाचा वाद.' पण वही तीच, थकबाकी तीच! माणूस गेल्याने हिशेब मिटत नाही. कंपन्यांचंही तसंच. प्रमुख येतात, जातात, कंपनी विकलीसुद्धा जाते, पण कुणाच्या तरी जबड्यात बसवलेला स्क्रू तिथेच असतो. वीस वर्षांनी तो हलायला लागला तर विचारायचं कुणाला?

आमच्या मंडळातल्या एक काकू इम्प्लांटचं ठरवून आल्या होत्या. त्यांना विचारलं, 'काकू, कुठल्या कंपनीचा बसवताय?' तर म्हणाल्या, 'अगं, दाताला कसली आलीय कंपनी? डॉक्टर चांगले आहेत ना, झालं.' शंभर रुपयांचा प्रेशर कुकरचा गास्केट घेताना आपण कंपनी बघतो, आणि आयुष्यभर हाडात राहणाऱ्या वस्तूचं नावही विचारत नाही!

आपल्याकडेही आता कायदा आहे. वैद्यकीय साधनांसाठीचे २०१७ चे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. साधनांमुळे त्रास झाला तर त्याची नोंद व्हावी म्हणून २०१५ मध्ये 'मटेरिओव्हिजिलन्स' नावाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याचं काम गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून चालतं. डॉक्टर, नर्स तिथे कळवू शकतात. पण आपण त्रास सांगितलाच नाही, 'असेल, चालायचंच' म्हणून दुसऱ्या बाजूने चावत राहिलो, तर ते तरी काय कळवणार? गोथेनबर्गला प्रश्न उभा राहिला तो शेकडो रुग्णांच्या एक्स-रेंची नोंद होती म्हणून, हे लक्षात घ्या.

तेव्हा इम्प्लांट करायचा असेल तर घाबरू नका. नीट बसवलेला आणि नीट सांभाळलेला इम्प्लांट वर्षानुवर्षं साथ देतो, लार्सन यांचंच उदाहरण आहे. पण बसवण्याआधी विचारा. माझ्या हाडाची जाडी पुरेशी आहे का? ब्रिज किंवा साधी कवळी मला चालेल का? दात लगेच बसवणार की हाड धरेपर्यंत थांबणार, आणि का? पुढे तपासणीला कधी यायचं? डॉक्टरांना साखरेचा त्रास असेल तर सांगा. मिश्री लावत असाल, तंबाखू खात असाल तर लाज न बाळगता तेही सांगा, कारण साखर हाताबाहेर असली किंवा तंबाखू सुटत नसली की हाड नीट धरत नाही.

आणि काम झाल्यावर एक गोष्ट हक्काने मागून घ्या. इम्प्लांटच्या डबीवर एक लेबल असतं. त्यावर कंपनीचं नाव, प्रकार, माप आणि लॉट नंबर छापलेला असतो. ते लेबल आपल्या कागदावर चिकटवून द्यायला सांगा, सोबत पहिला एक्स-रे ठेवा. उद्या गाव बदललं, डॉक्टर बदलले, कंपनीचा मालक बदलला, तरी नव्या डॉक्टरांना त्या एका चिठ्ठीवरून सगळं कळेल. रेशनकार्ड आणि आधारकार्ड ज्या पिशवीत जपून ठेवता, त्याच पिशवीत तीही राहू द्या.