विदा केंद्रांना सवलती. हिशेब कोण मागणार?

आंध्र प्रदेशातील विशाखापट्टणम येथे पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा गूगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये केली. डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने भारतासाठी साडेसतरा अब्ज डॉलरचा संकल्प सोडला आणि दुसऱ्याच दिवशी अ‍ॅमेझॉनने आपल्या सर्व व्यवसायांसाठी मिळून २०३० पर्यंत ३५ अब्ज डॉलरचा आकडा जाहीर केला. पुढे दोन महिन्यांच्या आत आलेल्या २०२६-२७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात भारतातील विदा केंद्रांच्या आधारे जगभरातील ग्राहकांना क्लाउड सेवा देणाऱ्या परदेशी कंपन्यांना २०४७ पर्यंत करमुक्ती देण्याची तरतूद झाली. भारतीय ग्राहकांना सेवा देताना मात्र या कंपन्यांना येथील कंपनीमार्फतच यावे लागेल, अशी अट आहे. स्वातंत्र्याच्या शताब्दीपर्यंतची ही मुदत एकवीस वर्षांची आहे. इतक्या दीर्घ काळासाठी राज्यसंस्था एखाद्या उद्योगाला शब्द देते, तेव्हा त्या उद्योगाची मागणी खरोखर कुठून येते आणि शब्दाच्या बदल्यात आपण काय मागितले, हे दोन प्रश्न विचारणे हे उद्योगविरोधाचे लक्षण मानता येणार नाही.

मागणीचे दोन प्रवाह

विदा केंद्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘डेटा सेंटर’, ही मुळात एक इमारत आहे. तिच्यात हजारो सर्व्हर अहोरात्र चालतात, त्यांना अखंड वीज लागते आणि त्यांतून निघणारी उष्णता सतत बाहेर काढावी लागते. या उद्योगात क्षमता चौरस फुटांत न मोजता मेगावॉटमध्ये मोजतात, ते याचमुळे. सरकारी आकडेवारीनुसार २०२० मध्ये भारताची अशी क्षमता सुमारे ३७५ मेगावॉट होती. २०२५ पर्यंत ती १५०० मेगावॉटच्या आसपास पोहोचली. पाच वर्षांत चौपट.

या वाढीमागचा पहिला प्रवाह आपल्या रोजच्या व्यवहारांतून येतो. २०१६ हे त्याचे आरंभवर्ष म्हणावे लागेल. त्या वर्षी यूपीआय सुरू झाले आणि जिओच्या आगमनाने मोबाइल इंटरनेटचे दर कोसळले. २०१४ मध्ये एक जीबी डेटासाठी सरासरी २६९ रुपये मोजावे लागत. आज तो दर दहा रुपयांच्या आसपास आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवरील मासिक व्यवहारांनी २००० कोटींचा टप्पा ओलांडला. भाजीच्या गाड्यावरील प्रत्येक ‘स्कॅन’ची नोंद कुठल्या तरी सर्व्हरवर होत असते.

या प्रवाहाला नियमनाने बांध घालून दिशा दिली. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाद्वारे देयक व्यवहारांची संपूर्ण माहिती केवळ भारतातच साठवण्याचे बंधन घातले आणि त्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ने संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस देशात जपून ठेवण्याचे निर्देश दिले. त्याच वर्षी पाच मेगावॉटवरील विदा केंद्रांना पायाभूत सुविधांचा दर्जा मिळाला आणि त्यांना दीर्घ मुदतीचे, तुलनेने स्वस्त कर्ज मिळण्याची वाट खुली झाली.

दुसरा प्रवाह कृत्रिम बुद्धिमत्तेचा आहे आणि त्याची प्रकृती निराळी आहे. बँकेचा व्यवहार क्षणार्धात पुरा व्हावा म्हणून त्याचा सर्व्हर ग्राहकाच्या जवळ हवा. परंतु मोठी भाषिक प्रारूपे घडवण्याचे काम पृथ्वीच्या पाठीवर कुठेही करता येते. ते जमीन, वीज आणि कर जिथे स्वस्त असतील तिथे जाते. नेहमीच्या सर्व्हरच्या एका रॅकला पाच ते दहा किलोवॉट वीज पुरते. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या अत्याधुनिक रॅकची गरज शंभर किलोवॉटच्या पुढे गेली आहे. पहिल्या प्रवाहात आपण स्वतःची गरज भागवतो. दुसऱ्यात बऱ्याच अंशी आपली जमीन, वीज आणि पाणी जगाला भाड्याने देतो. भाड्याने देण्यात गैर काही नाही, परंतु भाडे ठरवताना घरमालकाने डोळे उघडे ठेवावेत. २०४७ पर्यंतची करमुक्ती या दुसऱ्या प्रवाहासाठी आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

जुन्याच बंदरांवर नव्या तारा

देशाच्या विदा केंद्रांपैकी जवळपास निम्मी क्षमता एकट्या मुंबई महानगर प्रदेशात आहे. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील महापे, रबाळे, ऐरोली येथे जुन्या कारखान्यांच्या शेजारी खिडक्या नसलेल्या या अवाढव्य इमारती उभ्या राहिल्या. दुसरा क्रमांक चेन्नईचा. इतिहासाच्या अभ्यासकाला यात नवल वाटणार नाही. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या जहाजाने सुएझ-एडनमार्गे टाकलेली समुद्राखालची तारयंत्राची केबल मुंबईला पोहोचली आणि पुढच्याच वर्षी मद्रासहून पेनांग व सिंगापूरकडे केबल गेली. आज देशात येणाऱ्या १७ आंतरराष्ट्रीय सागरी केबलही मुख्यतः याच दोन शहरांच्या किनाऱ्यांवर उतरतात. दीडशे वर्षांपूर्वी साम्राज्याच्या सोयीने आखलेला नकाशा अद्याप पुसला गेलेला नाही. विशाखापट्टणमला नवे केबल केंद्र उभारण्याची योजना आहे. ती तडीस गेल्यास या नकाशात प्रथमच मोठा बदल होईल. एकाच शहरावर सारा भार असणे किती जोखमीचे, याची चुणूक १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली तेव्हा मिळालीच होती. म्हणून क्षमता विखुरणे हे राष्ट्रहिताचे आहे. प्रश्न आहे तो कोणत्या किमतीला, एवढाच.

विजेचे आणि पाण्याचे गणित

विजेबाबत भीती आणि बेफिकिरी ही दोन्ही टोके टाळली पाहिजेत. ३० मे २०२४ रोजी देशाची कमाल वीजमागणी २५० गिगावॉटवर गेली होती. त्या तुलनेत दीड गिगावॉट म्हणजे अवघे ०.६ टक्के. राष्ट्रीय पातळीवर हा भार आज किरकोळ आहे. परंतु वीज राष्ट्रीय सरासरीवर चालत नाही. ती विशिष्ट उपकेंद्रातून, विशिष्ट वाहिनीतून येते. एक गिगावॉटचा प्रकल्प वर्षभर पूर्ण क्षमतेने चालला तर त्याला ८७६ कोटी युनिट लागतात. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या ७३ लाख घरांची ही वीज आहे आणि ती एकाच ठिकाणी, दिवसरात्र पुरवायची आहे.

‘आम्ही शंभर टक्के हरित वीज वापरतो’ हा दावा येथेच तपासून घ्यावा लागतो. बहुतेक वेळा हा हिशेब वार्षिक असतो: वर्षभरात वापरली तेवढी सौर वीज कुठेतरी निर्माण झाली, की गोळाबेरीज जुळली. प्रत्यक्षात सूर्य मावळल्यावरही सर्व्हर चालूच असतात आणि ती रात्रीची वीज आज मुख्यत्वे कोळशातून येते. दिवसाची वीज साठवून रात्री देण्याचा खर्च कोण सोसणार, विदा केंद्राचा मालक की राज्यातील सर्व वीजग्राहक, हे करारात आधीच लिहिलेले असले पाहिजे.

पाण्याचे गणित अधिक नाजूक आहे. पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणाऱ्या शीतकरणासाठी एका मेगावॉटला वर्षाला अडीच कोटी लिटरपर्यंत पाणी लागू शकते, असा सर्वसाधारण अंदाज दिला जातो. त्या हिशेबाने शंभर मेगावॉटच्या केंद्राला दिवसाला सुमारे ७० लाख लिटर पाणी लागेल. शहरी पाणीपुरवठ्याचा निकष माणशी १३५ लिटरचा आहे. म्हणजे हे अर्ध्या लाख लोकवस्तीचे पाणी झाले. बंदिस्त चक्राने किंवा हवेने थंड करण्याच्या पद्धती आहेत. त्यांत पाणी वाचते, पण वीज अधिक लागते. जून २०१९ मध्ये चेन्नईचे जलाशय कोरडे पडले आणि २०२४ च्या उन्हाळ्यात बेंगळुरूला टँकरच्या रांगा लागल्या. विदा केंद्रांसाठी निवडलेली आपली बहुतेक शहरे अशी तहानलेलीच आहेत. तरीही पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत विदा केंद्र असा स्वतंत्र वर्गच नाही. ते वीस हजार चौरस मीटरवरील इतर बांधकामांच्या रांगेत बसवले जाते. निवासी संकुल आणि विदा केंद्र यांना एकच फूटपट्टी लावण्यासारखे हे आहे.

हमीच्या रेल्वेचा धडा

राज्ये मात्र स्पर्धेत गुंतली आहेत. तेलंगणने २०१६ मध्ये, उत्तर प्रदेश व तमिळनाडूने २०२१ मध्ये स्वतंत्र धोरणे आणली. महाराष्ट्राने माहिती तंत्रज्ञान धोरणातच या उद्योगाला स्थान दिले. जमिनीच्या किमतीत सूट, मुद्रांक शुल्क माफी, वीज शुल्क माफी असा सवलतींचा क्रम थोड्याफार फरकाने सर्वत्र सारखाच आहे. विशाखापट्टणमच्या प्रकल्पाला दिलेल्या सवलतींवर शेजारच्या कर्नाटकातील मंत्र्यांनी जाहीर टीका केली. पण उद्या तोच प्रकल्प कर्नाटकाच्या दारात आला असता तर काय झाले असते, हा प्रश्न उरतोच. प्रशासनात दीर्घकाळ काढल्यावर एक गोष्ट ध्यानात येते: सवलत देण्याची फाइल झपाट्याने फिरते, दिलेल्या सवलतीतून काय साधले हे तपासण्याची फाइल बहुधा उघडलीच जात नाही.

भारतात याला एक जुना दाखला आहे. १८४९ मध्ये ईस्ट इंडियन आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला या दोन रेल्वे कंपन्यांशी ईस्ट इंडिया कंपनीने करार केले. भागधारकांच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारने घेतली, जमीन विनामूल्य दिली. नफा कमी पडला तर तूट भारतीय महसुलातून भरायची, असा तो व्यवहार होता. खर्चाला आवर घालण्याचे कारणच कंपन्यांना उरले नाही; रुळांचा खर्च अंदाजापलीकडे गेला. रूळ, इंजिने, यंत्रसामग्री ब्रिटनमधून येत राहिली. अखेर १८६९ च्या सुमारास सरकारला स्वतःच रेल्वे बांधण्याचा मार्ग धरावा लागला. रेल्वेने देश जोडला, व्यापार वाढवला, हे नाकारण्याचे कारण नाही. चूक रेल्वे आणण्यात नव्हती, करारात होती. जोखीम सार्वजनिक आणि लाभ खासगी अशी ती वाटणी होती.

आजची परिस्थिती अर्थातच तशी नाही. आपण सार्वभौम आहोत, परताव्याची हमी कोणी दिलेली नाही, गुंतवणुकीचा धोका कंपन्या स्वतः उचलत आहेत. तरी काही साम्ये अस्वस्थ करतात. विदा केंद्राच्या खर्चातील सर्वांत मौल्यवान भाग, म्हणजे चिप आणि सर्व्हर, आजही बाहेरूनच येतो. दर मेगावॉटला ६० ते ७० कोटी रुपये ओतूनही, बांधकाम संपल्यावर कायम रोजगार मोजकाच उरतो. आणि माहिती भारताच्या भूमीवर असली म्हणजे ती आपल्या ताब्यात आहे असे होत नाही. अमेरिकेच्या २०१८ च्या ‘क्लाउड’ कायद्यानुसार अमेरिकी कंपनीकडील माहिती, ती कोणत्याही देशात साठवलेली असली तरी, तेथील तपास यंत्रणा मागू शकतात. भूमी आपली, किल्ली दुसऱ्याची, अशी ही अवस्था आहे.

इतरांनी काय केले, आपण काय करावे?

आयर्लंडने कमी कराच्या बळावर विदा केंद्रे आकर्षित केली. २०१५ मध्ये देशाच्या मोजणी झालेल्या वीजवापरात त्यांचा वाटा पाच टक्के होता; २०२४ मध्ये तो २२ टक्क्यांवर गेला आणि डब्लिन परिसरात नव्या वीजजोडण्या रोखून धरण्याची वेळ आली. सिंगापूरने २०१९ मध्येच नव्या केंद्रांना विराम दिला, नियम नीट बसवले आणि नंतर कार्यक्षमतेच्या कठोर अटींवर २०२३ मध्ये चार अर्जदारांना मिळून सुमारे ८० मेगावॉटची परवानगी दिली. भारताला सिंगापूरसारखे दार बंद करण्याची गरज नाही. आपली स्वतःची मागणीच मोठी आहे. पण दाराशी नोंदवही मात्र हवी.

त्यासाठी चार गोष्टी सहज करता येतील. पहिली, पायाभूत दर्जासाठी जी पाच मेगावॉटची मर्यादा आहे, तीच लावून प्रत्येक केंद्राने वीज, पाणी आणि डिझेलचा वार्षिक वापर जाहीर करणे बंधनकारक करावे. दुसरी, वीज शुल्क माफी ही हरित विजेच्या तासागणिक हिशेबाशी आणि प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याच्या वापराशी जोडावी; पिण्याच्या पाण्यावर सवलत असूच नये. तिसरी, पर्यावरण अधिसूचनेत विदा केंद्रांचा वेगळा वर्ग करावा. चौथी, करमुक्तीच्या बदल्यात संगणन क्षमतेचा ठरावीक हिस्सा विद्यापीठे, नवउद्योग आणि भारतीय भाषांवरील संशोधन यांना सवलतीच्या दराने मिळावा. १०,३७२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय’ मोहिमेतून सरकार ३८ हजारांहून अधिक जीपीयू संशोधकांना अनुदानित दराने देत आहे. खासगी क्षमतेचा वाटा मिळाला तर त्या प्रयत्नाला बळ येईल.

राज्यांनी एकमेकांवर कुरघोडी करत सवलतींची बोली लावण्यावर केंद्राने मध्यस्थी केली पाहिजे. संविधानाच्या अनुच्छेद २६३ नुसार स्थापन झालेली आंतरराज्य परिषद २०१६ नंतर बसलेली नाही. विजेच्या आणि पाण्याच्या सवलतींची किमान समान मर्यादा ठरवणे हा तिच्यापुढे ठेवण्याजोगा विषय आहे. हे करार आत्ताच होत आहेत आणि एकदा झाले की २०४७ पर्यंत ते बदलण्याची संधी सहसा मिळणार नाही. म्हणून हिशेबाची अट करारावर सही होण्यापूर्वीच घातली पाहिजे.