जेट इंजिनातली ज्योत विझत का नाही?

मुलांनो, जून-जुलैत दुक्मच्या वाऱ्यात अंगणात निरांजन लावून पाहा. क्षणात विझेल. मग जेट इंजिनात तर वादळाहूनही जोरात हवा शिरते, तिथे ज्योत टिकते कशी?

काही हौशी मंडळी ट्रकचा जुना टर्बोचार्जर घेऊन घरगुती जेट इंजिन बनवतात. हवा दाबणारा आणि गरम वायूने फिरणारा, असे दोन्ही पंखे त्यात तयार मिळतात. उरतो मधला ज्वलनकक्ष, आणि खरी परीक्षा तोच घेतो. फ्रँक व्हिटल यांनी १९३७ साली इंग्लंडमध्ये पहिले जेट इंजिन चालवले, तेव्हा त्यांनाही ह्याच भागाने फार छळले.

रुंद डबा आणि त्यात भोके पाडलेली स्टेनलेस स्टीलची नळी, एवढीच रचना. रुंद जागेत हवा मंदावते. नळीच्या तोंडाशी बारीक भोकांतून थोडीच हवा येऊन गरगर फिरते. त्या आडोशाला, कंदिलाच्या काचेत टिकावी तशी, ज्योत टिकते. एक किलो रॉकेल जळायला सुमारे १५ किलो हवा पुरते. इंजिनातून मात्र तिच्या तिप्पट-चौपट जाते. जादा हवा पुढच्या मोठ्या भोकांतून शिरून वायू थंड करते. ते हवेच, कारण ज्योत २००० अंशांच्या आसपास, तर स्टेनलेस स्टील १५०० च्या आतच वितळते!

भोकांचा हिशेब चुकला तर ज्योत लांबून टर्बाइनची पाती जाळते. ज्योत विझून रॉकेल चालूच राहिले तर ते तळाशी साचते आणि पुढच्या ठिणगीला भडका उडतो. म्हणून पालकांनो, हे इंजिन घरी नको. पत्र्याच्या डब्याला निरनिराळी भोके पाडून आत निरांजन किती वेळ टिकते, हे मात्र मुलांबरोबर जरूर पाहा.